सायकियाट्रिक क्लिनिकात स्टाफ नर्सची नोकरी: पाचपैकी दीड स्टार

म्हापसा साईडचं एक प्रायव्हेट क्लिनिक, वर ॲडमिशनचा वॉर्ड. नाव घालत नाही, तिथे राबलेल्यांना आपोआप कळेल. एक स्टार डॉक्टरांना. माणूस चांगला, पेशंटशी कोकणीत बोलतो, घरच्यांना नीट बसवून समजावतो, पण संध्याकाळची ओपीडी उरकली की गेला आणि मग राज्य मॅनेजरचं. हा बाबा आधी हॉटेल लाईनला होता, त्यामुळे पेशंटला चक्क गेस्ट म्हणतो आणि सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, ऑक्युपन्सी किती?

नाईटला एक नर्स आणि एक अटेंडंट, तोही सिक्युरिटी एजन्सीचा, त्याला कसलं ट्रेनिंग नाही आणि गेटपण त्यानेच बघायचं. वॉर्डची चावी एकच, बँडेजच्या पट्टीला बांधलेली, ती कुणाच्या खिशात आहे हे शोधण्यात निम्मी रात्र जाते. कोणी पेशंट खवळला की मॅनेजर फोनवर सांगणार, बांधून ठेवा, सकाळी बघू. अरे पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे ना, सायकियाट्रिस्टच्या परवानगीशिवाय बांधता येत नाही, कारण आणि वेळ लिहावी लागते, २४ तासांच्या आत पेशंटच्या प्रतिनिधीला कळवावं लागतं. इथे रजिस्टर सकाळी चहा पिता पिता भरतात, सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, वाक्यपण तेच, ‘पेशंट अग्रेसिव्ह, समजावूनही ऐकेना’. मी सही केली नाही तर म्हणे तुझा ॲटिट्यूड आहे. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, आमचं पोस्टिंग झालेलं, तिथे गर्दी कितीही असो, सिस्टर हँडओव्हर घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत.

सगळ्यात डोकं फिरलं ते लिथियमवाल्या एका काकांमुळे. लिथियम म्हणजे मूडच्या आजारावरची गोळी, रक्तात जास्त झाली की विषबाधा. हात एवढे थरथरायचे की चहा अर्धा बशीत, वर जुलाब सुरू. लिथियमची लेव्हल बघायला डॉक्टरांनी ब्लड टेस्ट लिहिलेली, पण लॅबचं बिल थकवलेलं म्हणून सँपल न्यायला कोणी येईना. शेवटी मीच डॉक्टरांना डायरेक्ट फोन लावला, त्यांनी गोळी बंद करून लगेच जीएमसीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवायला लावलं. काका बरे झाले. मला मात्र मेमो, थ्रू प्रॉपर चॅनल आली नाहीस म्हणून!

पगार कधी दहाला, कधी वीसला. पीएफ कापतात पण पासबुकात शून्य, तेव्हा आत असाल तर आजच चेक करा. इंटरव्ह्यूला गेलात तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन दाखवा म्हणा, नाईटला नक्की किती स्टाफ ते विचारा आणि जमलं तर बांधण्याचं रजिस्टर चाळा.

उरलेला अर्धा स्टार किचनमधल्या मावशींना, पेशंट जेवला नाही तर पेज करून स्वतः भरवायच्या, त्यांचाही दोन महिन्यांचा पगार अडकलाय. माझं एक्सपिरियन्स लेटर अजून ‘सर बाहेर आहेत’ वरच आहे.