आपलंच गाव नीट बघायचंय, मग पायी की सायकलवर?

सुट्टीचा एक दिवस हाताशी आहे, लांब कुठे जायचं नाहीये आणि मनात आलंय की ज्या गावात एवढी वर्षं काढली ते एकदा धड बघावं तरी. मग पहिला प्रश्न हाच पडतो. मी दोन्ही भरपूर करून बघितलंय म्हणून सांगतो.

आधी सायकल. माणूस ताशी ४-५ किमी चालतो, सायकल आरामात मारली तरी १२-१५ होते. म्हणजे अंतर तिप्पट, पण घरापासून सगळ्या दिशांना तिप्पट लांब जाता आलं की आवाक्यातला परिसर नऊपट होतो, हे चटकन लक्षात येत नाही. गाव कुठे संपतं, कुठला रस्ता मागून कुठे निघतो, पावसाचं पाणी कुठल्या अंगाला वाहत जाणार हे सगळं मला सायकलवरच कळलं. एक रस्ता तर गाडीवरून जाऊन जाऊन मी सपाटच समजत होतो, पहिल्यांदा सायकल घातली तेव्हा मांड्यांनी सांगितलं की हा चढ आहे, आणि मग गावाचा तो भाग कायम जास्त वाऱ्याचा का वाटतो तेही उमगलं.

पण सायकलवर नजर अडकून पडते. आपल्या डोळ्याला अगदी लख्ख दिसतं ते फक्त मधल्या साधारण २ अंशांत, म्हणजे हात लांब करून अंगठा धरला तर जेमतेम नखाएवढं, बाकीचं सगळं डोळा भिरभिरत राहून जुळवत असतो. सायकलवर ते नखाएवढं खड्डे आणि समोरच्या गाड्यांवरच खर्च होतं, मान वर करायची सोयच नाही. आणि जुन्या इमारतींचं तर खालचा मजला सारखा बदलत राहतो, मूळचं काम टिकलेलं असतं ते बहुतेक वरच.

पायी मात्र थांबता येतं, वाकता येतं, परत मागे जाता येतं. रोजच्या वाटेवरच्या एका जुन्या इमारतीची दगडी पायरी घ्या. दगड झिजून खोलगट झालाय, पण बरोब्बर मधोमध नाही तर जरा उजवीकडे, कारण कठडा उजव्या हाताला आहे आणि इतकी वर्षं माणसं तो धरूनच चढत आलीत. मी खाली बसून हात फिरवला तर मधला भाग साबणासारखा गुळगुळीत आणि डाव्या कोपऱ्यात छिन्नीच्या खुणा अजून खरखरीत, जिथे कुणाचा पायच पडला नाही. या पायरीवरून मी हजारदा गेलो असेन हो. त्या दिवशी खूप आनंद झाला, खरंच.

वेळ सकाळची धरा, ऊन तिरपं असतं तेव्हा. झिजलेली अक्षरं, भिंतीवरचे उंचवटे यांची सावली पडते आणि ते उठून दिसतात, दुपारी तीच भिंत कोरी वाटते. हे पायीच जमतं, कारण त्या तासाभरात एकाच जागी रेंगाळावं लागतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले आणि इथली कितीतरी शहरं त्यांनी पायी हिंडून समजून घेतली, नंतर १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला लागले. त्यांचा आग्रह हाच होता की आधी गाव हिंडा, समजून घ्या आणि मगच त्यात बदल सुचवा.

सोबतीचं म्हणाल तर सायकलवर दोघं चालतील, पायी एकटंच बरं, किंवा गावात जन्म काढलेलं कुणी वडीलधारं सोबत असेल तर मग त्यांच्याच चालीने. मोबाइलचा नकाशा दोन्हीकडे खिशात ठेवा, चुकलात तर चुकू दे, आपल्याच गावात चुकून किती चुकणार.

एकच दिवस असेल तर मी डोळे झाकून पायी म्हणेन, आणि तेही एकाच गल्लीत. महिनाभराचे रविवार मोकळे असतील तर पहिला सायकलवर, सगळा घेर फिरून घ्या, जिथे जिथे थांबावंसं वाटलं पण थांबला नाहीत त्या जागा लिहून ठेवा आणि उरलेले रविवार तिथे पायी जा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल हळू चालवून बघा, बऱ्याच जणांना ती चालण्यापेक्षा सोपी जाते. फक्त एवढ्यासाठी नवी सायकल घेऊ नका, एका रविवारपुरती कुणाचीतरी मागून आणा.