घर न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कात: टॅक्स सॉफ्टवेअर एक सीझन वापरल्यावर

न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कात नोकरी करणाऱ्यांना दर वर्षी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आयकर रिटर्नशिवाय दोन राज्यांची रिटर्न्स भरावी लागतात. यंदा ती मी सीपीएकडे, म्हणजे करांचं काम बघणाऱ्या अकाउंटंटकडे, न देता घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरने भरली. जानेवारीत विकत घेतलं, मार्चअखेर तिन्ही रिटर्न्स ई-फाईल केली आणि आता उन्हाळाही संपत आला. रिफंड आले, न्यू जर्सीचं एक पत्र आलं, पुढच्या वर्षाच्या विदहोल्डिंगचा, म्हणजे पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचा, हिशेबही याच प्रोग्रामवर केला. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खाली लिहिलेल्या चुकण्याच्या जागा तुमच्याकडे जो प्रोग्राम असेल त्यात तपासून बघाव्यात, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

आमचं चित्र असं: राहायला एडिसनला, घर स्वतःचं. मी मेट्रोपार्कहून गाडी पकडून पेन स्टेशनला उतरते, ऑफिस मॅनहॅटनमध्ये. नवऱ्याची नोकरी न्यू ब्रन्सविकला, म्हणजे न्यू जर्सीतच. पुण्याच्या बँकेत थोड्या एफडी. ओक ट्री रोडवर, इथल्या भारतीय बाजारात, भाजी घ्यायला येणाऱ्या निम्म्या घरांचं चित्र थोड्याफार फरकाने हेच असेल.

आधी क्रम. न्यूयॉर्कचं नॉन-रेसिडेंट रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, पहिलं पूर्ण करायचं आणि मगच न्यू जर्सीचं एनजे-१०४० उघडायचं. न्यूयॉर्कला किती कर लागला हे ठरल्याशिवाय न्यू जर्सी त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करात सूट, देऊच शकत नाही. माझ्या प्रोग्रामने पत्ता न्यू जर्सीचा बघून न्यू जर्सी वर ठेवलं आणि न्यूयॉर्क खाली. मी क्रम बदलला, पण प्रोग्रामने स्वतःहून एका शब्दानेही सुचवलं नाही. वरून खाली भरत गेलं तर क्रेडिटच्या पानावर शून्य दिसतं आणि न्यू जर्सीला हजारो डॉलर देणं निघतं. ते बघून कुणाचीही झोप उडेल. पहिल्यांदाच भरणाऱ्याला असं वाऱ्यावर सोडू नये.

दुसरी जागा डब्ल्यू-टूची, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या फॉर्मची. न्यूयॉर्कचा नियम असा की बॉक्स १६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ओळीत, बॉक्स १ मधला फेडरल पगार पूर्णच्या पूर्ण लिहायचा. न्यू जर्सीच्या ओळीतला आकडा त्याहून मोठा असतो, कारण पगारातून करापूर्वी कापलेला मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता न्यू जर्सी सहसा वगळू देत नाही. समजा, न्यूयॉर्कच्या ओळीत १,२०,००० आहेत आणि न्यू जर्सीच्या ओळीत १,२४,०००. पगार एकच, ओळी दोन. माझ्या प्रोग्रामने एनजे-१०४० च्या पगाराच्या ओळीत या दोन्हींची बेरीज टाकली. पगार दुप्पट झाला आणि कर त्याच्या मागोमाग चढला. दुरुस्ती अवघड नाही. न्यू जर्सीच्या मुलाखतीत, म्हणजे प्रोग्राम एकेक प्रश्न विचारतो त्या भागात, ‘हा पगार न्यू जर्सीच्या आकड्यात आधीच धरला आहे’ अशी खूण करायची सोय आहे. फक्त ती तिसऱ्या-चौथ्या पानावर, बारीक अक्षरात आहे. छापील फॉर्म उघडून १५ वी ओळ डब्ल्यू-टूशी ताडून बघितल्याशिवाय कुणीही ‘पाठवा’ दाबू नये.

आता क्रेडिट. समजण्यापुरते गोल आकडे घेते. बायकोला न्यूयॉर्कात १,२०,०००, नवऱ्याला न्यू जर्सीत ८०,०००, एकूण दोन लाख डॉलर. न्यूयॉर्क आधी असं धरतं की हे जोडपं तिथलंच रहिवासी आहे. त्या हिशेबाने दोन लाखांवर कर काढतं आणि मग न्यूयॉर्कच्या कमाईच्या प्रमाणात, इथे ६० टक्के, घेतं. म्हणजे नवऱ्याच्या पगारावर न्यूयॉर्क कर लावत नाही, पण त्या पगारामुळे दर मात्र वरचा लागतो. असे समजा ६,७०० डॉलर झाले. न्यू जर्सीचा दोन लाखांवरचा कर साडेआठ हजारांच्या आसपास येतो. न्यू जर्सी म्हणते, न्यूयॉर्कने ज्या कमाईवर कर घेतला तिच्यावर माझा कर ८,५०० च्या ६० टक्के, म्हणजे ५,१००. तेवढंच क्रेडिट देईन. वरचे १,६०० कुठूनच परत येत नाहीत. एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर लागत नाही हे खरं, पण ज्या राज्याचा कर जास्त तोच शेवटी भरावा लागतो. ‘सगळं परत मिळतं’ असं ऑफिसात सांगणारे भेटतात, त्यांना हा हिशेब दाखवावा.

या क्रेडिटच्या तक्त्याला एनजे-सीओजे म्हणतात. त्यात भरायचा कर आयटी-२०३ वर शेवटी निघालेला. डब्ल्यू-टूवर कापलेली रक्कम तिथे चालत नाही. माझ्या प्रोग्रामने हे बरोबर केलं. प्रॉपर्टी टॅक्सचं कामही उत्तम. १५,००० डॉलरपर्यंतची वजावट घ्यायची की ५० डॉलरचं सरळ क्रेडिट, हा प्रश्न दुसऱ्या राज्याचं क्रेडिट असलं की किचकट होतो. वजावटीने न्यू जर्सीचा कर घटतो आणि त्याबरोबर क्रेडिटची मर्यादाही. दोन्ही बाजू दोन रकान्यांत मांडून फायदा कशात आहे ते प्रोग्रामने दाखवलं. हाताने करायचं तर एक संध्याकाळ गेली असती. भाड्याने राहणाऱ्यांनीही हे पान सोडू नये, भाड्याचे १८ टक्के प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरता येतात.

खरा कस लागतो तो दिवसांच्या प्रश्नावर. न्यूयॉर्कच्या भागात एक पान येतं: वर्षात किती दिवस काम केलं, त्यातले किती न्यूयॉर्कबाहेर? आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करणाऱ्या माणसाच्या मनात पहिलं उत्तर येतं ते घरच्या दिवसांचं. आकडा टाकला की वरच्या कोपऱ्यातला हिरवा रिफंड भराभर वाढतो. मी करून बघितलं, तो आकडा खरंच मोहात पाडणारा आहे. पण न्यूयॉर्कचा ‘मालकाच्या सोयी’चा नियम सांगतो की कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि घरून काम तुमच्या सोयीसाठी असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. बाहेरचा दिवस तोच, जिथे कंपनीच्या गरजेमुळे बाहेर जावं लागलं. ऑफिसने क्लायंटकडे शिकागोला पाठवलं तर तो दिवस बाहेरचा. एडिसनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून घेतलेली मीटिंग न्यूयॉर्कची. डिसेंबरात पुण्याला आईकडे राहून रात्री जागून केलेलं कामही न्यूयॉर्कचंच. शनिवार-रविवार, सुट्ट्या, रजा, आजारपण हे दिवस मात्र मुळातच मोजणीतून वजा होतात, ते नीट टाकावेत.

या नियमाविरुद्ध लोक लढले आहेत. कनेटिकटात राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की घरून केलेल्या कामावरच्या करासाठी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. न्यू हॅम्पशायरने मॅसॅच्युसेट्सविरुद्ध असाच वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नेला, २०२१ मध्ये कोर्टाने तो ऐकायलाच नकार दिला. न्यू जर्सीने २०२३ मध्ये कायदा करून असा नियम लावणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांना तोच नियम उलट लावला, आणि आपला रहिवासी दुसऱ्या राज्याशी भांडून कर परत मिळवेल तर त्याला सवलतही ठेवली. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. रस्ते, शाळा, पोलीस सगळं न्यू जर्सीचं वापरायचं आणि घरी बसून केलेल्या कामाचा कर नदीपलीकडे द्यायचा, हे पटत नाही. पण पटत नाही म्हणून फॉर्मवर वेगळं लिहिता येत नाही. सॉफ्टवेअरने त्या पानावर हा नियम ठळक अक्षरांत सांगायलाच हवा. माझ्या प्रोग्राममध्ये तो मदतीच्या दुव्यामागे दडलेला आहे, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. नोटीस आली तर ती त्या कंपनीला येणार नाही, सही करणाऱ्याला येईल.

म्हणून मी कॅलेंडर ठेवते. ऑफिसने बाहेर पाठवलेल्या दिवसांची तिकिटं, हॉटेलची बिलं, मॅनेजरची ईमेल, सगळं एका फोल्डरमध्ये. प्रोग्राममध्ये रिटर्नला कागद जोडून ठेवायची सोय आहे, ती चांगली चालते.

एफडीच्या व्याजाबद्दल थोडं. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाने परदेशी कमाई ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात करमुक्त, पण अमेरिकेत ते दाखवावंच लागतं, आणि न्यू जर्सीही त्यावर कर घेते. एनआरओवर, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यावर, भारतात कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट फेडरलमध्ये मिळतं. न्यू जर्सी परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही. प्रोग्रामने फेडरलमधलं व्याज न्यू जर्सीत बरोबर आणलं आणि क्रेडिटच्या यादीत फक्त अमेरिकेतली राज्यं-शहरं दाखवली, तेही बरोबर. एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म, मात्र यात होत नाही, तो अमेरिकी सरकारच्या फिनसेन या विभागाच्या साइटवर वेगळा भरायचा.

पैशांचं म्हणाल तर फेडरलबरोबर एकच राज्य मिळतं, दुसऱ्याचे वेगळे मोजावे लागतात. तरीही सीपीएच्या फीपेक्षा बराच स्वस्त पडला.

जुलैत न्यू जर्सीचं पत्र आलं: न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत पाठवा. घाबरण्यासारखं काही नसतं, क्रेडिट मागितलं की विचारू शकतात. मार्चमध्येच तिन्ही रिटर्न्सची वर्कशीटसकट पीडीएफ काढून ठेवली होती, त्यातलं आयटी-२०३ काढून पाठवलं. पीडीएफ काढताना प्रोग्राम फक्त फाईल केलेली पानं की सगळी वर्कशीट्स असं विचारतो, सगळी घ्या. उद्या न्यूयॉर्कने काही बदल केला तर न्यू जर्सीचं रिटर्नही सुधारून भरावं लागतं, तेव्हा हीच पानं लागतात.

पेनसिल्व्हेनियात राहून प्रिन्स्टनला नोकरी करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात करार आहे, पगारावरचा कर राहत्या राज्यालाच. आपण न्यू जर्सीचे रहिवासी नाही असं सांगणारा एनजे-१६५ फॉर्म कंपनीला दिला की काम झालं. उलट, न्यू जर्सीत राहून फिलाडेल्फियात नोकरी असेल तर त्या शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, मात्र कराराबाहेर, तो कापला जातोच आणि त्याचं क्रेडिट न्यू जर्सीत मागता येतं. न्यूयॉर्कचा असा करार कुठल्याच राज्याशी नाही.

वर्षाच्या मध्यात राज्य बदललं असेल, आरएसयू, म्हणजे कंपनी पगाराबरोबर देते ते शेअर, मिळत असतील, किंवा उशीर झाला की राहायला म्हणून मॅनहॅटनमध्ये खोली घेतली असेल, तर हा प्रोग्राम पुरा पडणार नाही. आरएसयूत ग्रँटपासून (शेअर देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतचे (ते आपल्या नावावर होईपर्यंतचे) कामाचे दिवस वाटून द्यावे लागतात. खोलीचा प्रश्न तर फार गंभीर. कायमची राहती जागा न्यूयॉर्कात असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढले, तर न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासी धरून सगळ्या कमाईवर कर मागू शकतं. अशांनी चांगला सीपीए गाठावा, फी वसूल होते.

दोन पगार, एक घर आणि थोडं व्याज असणाऱ्यांनी बेलाशक घ्यावं. पुढच्या वर्षी मीही हेच घेणार आहे. नवऱ्याचा पगार वाढला, त्यामुळे न्यूयॉर्कचा दर वर सरकणार हे प्रोग्रामच्या अंदाजात दिसलं, म्हणून गेल्या आठवड्यात ऑफिसात नवा आयटी-२१०४, म्हणजे न्यूयॉर्कचा कर किती कापायचा हे सांगणारा फॉर्म, भरून दिला आणि पुढच्या पगारापासून थोडं जास्त कापायला सांगितलं.