कोऱ्या प्रश्नाला 10 पैकी 10 मिळाले तरी मला कळलं नाही

लाज वाटते लिहायला, पण आमच्या गावातल्या अजून दोन पोरी तो खोटा कोर्स विकणाऱ्या ग्रुपात आहेत म्हणून लिहून राहिली. माझे 11,549 रुपये गेले. बालविकास आणि मानसशास्त्राचं बेसिक सर्टिफिकेट, तीन महिने, घरबसल्या, अन् पास झालं की अंगणवाडीत नंबर पक्का. मग एकेक करून पैसे मागत गेले, आधी रजिस्ट्रेशन 500, मग फी 6,499, परीक्षेचे 1,200, होलोग्रामवाल्या सर्टिफिकेटचे 850 आणि शेवटी 'नोकरी व्हेरिफिकेशन'चे 2,500. कापसाचे पैसे होते हो ते.

शिकलेली बाई फसली कशी म्हणाल, तर मी अभ्यास खरंच केला. नोट्समध्ये पियाजे या मानसशास्त्रज्ञानं सांगितलेल्या, लेकरांची समज कशी वाढते त्याच्या चारही अवस्था बरोबर होत्या. लहान लेकराला तेवढंच पाणी उंच ग्लासात ओतून दाखवलं की ते जास्त झालं म्हणते, मी माह्या पोट्ट्यावर करून पाहिलं, तो तसंच म्हणाला! मग खोटं ओळखायचं कशावरून?

पण एक जागा होती. परीक्षेचे पेपर घरी लिहून फोटो पाठवायचे होते. त्या दिवशी पोरगं तापानं फणफणलेलं, एरिक्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या, माणसाच्या वाढीच्या आठ टप्प्यांचा प्रश्न मी कोराच सोडला. अर्ध्या तासात मार्क आले, त्या कोऱ्या प्रश्नालाही 10 पैकी 10. अन् मी काय केलं? खूश झाली, नवऱ्याला दाखवलं, म्हटलं सर दयाळू दिसतात. तिथंच थांबली असती तर 850 आणि 2,500 तरी वाचले असते. अजूनही रात्री तो कोरा कागद डोळ्यासमोर येते.

सर्टिफिकेटवर उद्यम नंबर, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा नंबर छापलाय. ती नोंदणी फुकट होते, साधा दुकानदारही करतो, ती कोर्सची मान्यता नाही. अंगणवाडीची जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयाची निघते, तिथं चौकशी करा, कोणा 'सर'ला नाही.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवले ना बाई, मग फसवणूक कायची?" तिथून जिल्ह्याला सायबरकडे पाठवलं. ते म्हणे आधी ठाण्याचा कागद आणा. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. तीन चकरा झाल्या, एसटीत बायांना हाफ तिकीट आहे म्हणून निभलं, नवऱ्याचं फुल्ल लागलं, मजुरी बुडाली ती वेगळी. बँकेतला पोरगा चारदा विचारते, ओटीपी दिला होता का, नाही दिला म्हटलं तर म्हणे मग आमच्याकडे काही नाही. म्हणजे ओटीपी दिला असता तर चूक माझी, नाही दिला तरी चूक माझीच! 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पण मी 19 दिवसांनी केला. तुम्ही त्याच तासाला करा. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कोणाचं येते ते वाचत जा, मला एका मोबाईल शॉपीचं आलं होतं, मी वाचलं अन् तरी पिन टाकला.

सासूबाईंना अजून सांगितलं नाही. त्यांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराजवळ लावलंय, फ्रेमचे 180 वेगळे.