मॅग्नेटची इंग्रजी अक्षरं आणि बोर्ड: गणेश चवथीपासून शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत) वापरून

आधीच सांगते, घ्याच, पण स्मॉल लेटर्सचा सेट घ्या. नुसत्या कॅपिटलवाल्याचा उपयोग नाही, पुस्तकात पोरं स्मॉलच वाचतात.

मुलगी दुसरीत, मराठी शाळेत. घरी मराठी-कोंकणी दोन्ही. तिचं म्हणणं एकच, आपल्याकडे ए ची एक मात्रा असते मग रेन, प्ले आणि केक ची स्पेलिंगं तीन तऱ्हेची का? पाठांतर करून घेतलं की दोन दिवस राहायचं आणि परत रेन चं आर-ए-एन.

या बोर्डवर आम्ही एकावेळी एकच आवाज घेतो. मार्करने चौकटी काढायच्या, अक्षराला नाही तर आवाजाला एक. रेन मधे र, ए, न असे तीनच आवाज, म्हणून मधल्या चौकटीत ए आणि आय दोघं शेजारी बसतात. ही पद्धत मूळ एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाची, फोनिक्स (म्हणजे आवाजावरून वाचन-स्पेलिंग) शिकवणारे बरेच शिक्षक वापरतात. तोंडाने आवाज काढत हाताने अक्षर सरकवायचं, यात खरी जादू आहे, वहीत दहादा लिहून हे होत नाही. मग रेन, टेल, पेंट एका बाजूला आणि डे, प्ले, ट्रे दुसऱ्या बाजूला लावले तर तिनेच ओळखलं की आवाज मधे असला की ए-आय आणि शेवटी असला की ए-वाय! मी सांगितलं असतं तर इतकं पक्कं बसलं नसतं. सायलेंट ई, म्हणजे शेवटी लिहायचा पण बोलायचा नाही तो ई, त्याच्यासाठी तर मॅग्नेटच हवेत, कॅप ला ई चिकटवला की केप, काढला की परत कॅप, मॅट चं मेट, तिला हे करायला फार आवडतं.

आपल्या मुलांना एक अडचण येतेच. पेन म्हणजे लिहायचं आणि पेन म्हणजे दुखणं, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण लिहायच्या पेन मधला ए आखूड असतो. म्हणून बेड, रेड, पेन हे शब्द वेगळ्या दिवशी घ्या, एकत्र केलेत की गोंधळ. दे (म्हणजे ते लोक), एट (म्हणजे आठ), ग्रेट सारखे नियमात न बसणारे शब्द मी फ्रिजवरच चिकटवलेत, ते बघून बघून येतात.

तक्रारी दोन. सेटमधे ए आणि ई फारच कमी, दोन शब्द शेजारी लावायचे तर पुरत नाहीत. सोबतची पुठ्ठ्याची कार्डं तर चवथीच्या पावसातच फुगली आणि बुरशी धरली, गोव्यात लॅमिनेट केल्याशिवाय काही टिकत नाही. आणि घरात लहान बाळ असेल तर मागचे मॅग्नेट रोज तपासा, सुटलेलं अक्षर लगेच काढून टाका, कारण दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची पाळी येऊ शकते.

आता ओ चालू आहे. रोड, बोट, कोट मधे ओ-ए, स्नो आणि येलो च्या शेवटी ओ-डब्ल्यू, आणि होम, नोज ला परत तोच सायलेंट ई.