लॉग स्क्राइबर: ओंडक्यांचं घर बांधून त्यात एक हिवाळा काढल्यावर

ओंडक्यांचं घर हाताने बांधलं म्हटलं की लोक आधी कुऱ्हाडीची चौकशी करतात. स्वीडिश की फिनिश, पात्याचं वजन किती, दांडा केवढा. कुऱ्हाड चांगली हवीच. पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅरिबू भागात, डांबरी रस्त्यापासून बऱ्याच आत आमची छोटी केबिन उभी राहिली ती स्क्राइबरच्या जिवावर. दिसायला तो कंपासपेटीतल्या कर्कटकाचा थोरला भाऊ. पहिल्यांदा हातात घेतलात तर एवढ्या पैशांत हेच का, असं वाटेल.

झाडाचा ओंडका सरळसोट कधीच नसतो. बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक, मधेच गाठ. एकावर एक ठेवले की मधली फट कुठे दोन बोटं, कुठे चार. स्क्राइबरचं खालचं टोक खालच्या ओंडक्याच्या पाठीवरून फिरवायचं. वरच्या टोकातली पेन्सिल तेच चढउतार वरच्याच्या पोटावर उमटवते. मग ओंडका उलटा करायचा, रेघेपर्यंत पन्हळ कोरायची आणि परत सुलटा बसवायचा. पन्हळीच्या फक्त दोन कडा खाली टेकतात, आतल्या पोकळीत लोकर भरतात. पूर्वी शेवाळ भरत. बाहेरून गारा लिंपायची गरज नाही. पद्धत मूळची नॉर्वे-स्वीडन-फिनलंडकडची, आणि नॉर्वेत मध्ययुगातली ओंडक्यांची घरं अजून उभी आहेत. कॅनडात ती नव्याने रुजवण्यात बी. ॲलन मॅकी यांचा मोठा वाटा. १९७० च्या दशकात ते ब्रिटिश कोलंबियातल्याच प्रिन्स जॉर्ज गावात हे बांधकाम शिकवत होते.

सगळी मेख उभ्या रेषेत आहे. दोन्ही टोकं अगदी एकाखाली एक राहिली नाहीत तर रेघ खोटी पडते आणि ओंडका बसवल्यावर फट उघडी दिसते. म्हणून माझ्या स्क्राइबरवर गवंड्याच्या पाणसळीत असतात तसे दोन बुडबुडे आहेत, एक पुढे-मागे कलतोय का ते सांगणारा, दुसरा डावी-उजवीसाठी. रोज सकाळी ओळंब्याने उभ्या केलेल्या फळीवर ते जुळवून घ्यायचे. मला हे आधी जास्तीचे लाड वाटले होते, पण हत्यार गाडीत हेलकावे खात आलं की बुडबुडा खरंच हलतो. फट ठरवून स्क्रू आवळला की त्याच फळीवर टोकांच्या खुणाही करून ठेवतो. काम चालू असताना माप सरकलं का, ते लगेच कळतं.

ओल्या स्प्रूसवर, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडावर, साधी पेन्सिल उमटत नाही. त्यासाठी कॉपिंग पेन्सिल लागते, ओल लागली की जांभळी होणारी. हात, बाह्या, कपाळ, सगळं जांभळं होतं आणि धुण्यातही जात नाही.

तक्रारी दोन. स्क्रूचा कान इतका लहान की हातमोजे घालून आवळता येत नाही. आणि कोपऱ्यात ओंडके एकमेकांवर अडकवायची जी खाच असते, तिच्या आतल्या बाजूने रेघ ओढताना दोन्ही बुडबुडे एकदम दिसत नाहीत. तिथे बायको बॅटरी धरून "डावीकडे, अजून, बास" असं सांगत असे. एकट्याने बांधणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

बाकी हत्यारांचं थोडक्यात. ड्रॉ-नाइफ, म्हणजे दोन मुठींचं साल काढायचं पातं, मे-जूनमध्ये लोण्यासारखं चालतं, कारण रस चढलेला असतो आणि साल पट्ट्यापट्ट्यांनी निघते. ऑगस्टअखेर तेच काम कंबरडं मोडतं. रत्नागिरीहून सामानात आणलेला वाकस, म्हणजे आडव्या पात्याचं तासणीचं हत्यार, सपाट जागा तासायला झकास. पन्हळीला मात्र वळणदार पात्याचाच लागतो, तो इथे घ्यावा लागला. कुऱ्हाड कडाक्याच्या थंडीत थेट गाठीवर घालू नये, धारेचा टवका उडतो. आधी शेकोटीजवळ जरा कोमट करून घ्यावी.

आता हिवाळ्याचं. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत आटतं. ओल्या ओंडक्यांच्या भिंतीला साधारण सहा टक्के बसकण धरतात, म्हणजे अडीच मीटरच्या भिंतीला पंधरा सेंटिमीटर! दारं-खिडक्यांच्या चौकटींवर तेवढी जागा सोडून लोकर भरली आहे आणि झाकणपट्टी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकली आहे. उभे खांब आटत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली स्क्रू-जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे टेकू, आहेत. शेगडी पेटली की भिंत बसायला लागते आणि जॅक थोडे थोडे उतरवावे लागतात. प्रत्येक ओंडक्याच्या पाठीवर करवतीने लांब चीर दिली होती. तडे बहुतेक तिथेच गेले, वरच्याच्या पन्हळीखाली झाकलेले. कोपऱ्यांच्या खाचांचं माप पन्हळीपेक्षा किंचित कमी ठेवलं होतं, त्यामुळे सुरुवातीला भार खाचांवर राहिला आणि आटल्यावर पन्हळींवर आला. उणे तीसच्या रात्री भिंतीवरून ओला हात फिरवून पाहिला. वारा लागला तो फक्त दाराच्या उंबऱ्याकडे, आणि उंबऱ्याला स्क्राइबर लावलेला नाही.

स्क्राइबर जुना घ्यायचा असेल तर बुडबुड्यांच्या पट्ट्या बोटाने हलवून बघा. जरा जरी डुगडुगल्या तरी सोडून द्या. टोकं बोथट असतील तर हरकत नाही, ती कानशीने दोन मिनिटांत ठीक होतात.