लो प्रोफाइल कार्डाच्या नावाखाली झालेली फसवणूक

जवळजवळ सहा आठवडे मी चांगल्या कॉम्प्युटरमध्ये दोष शोधत होतो. कॅबिनेट तापतं म्हणून त्याच्या बाजूच्या पत्र्याला भोकं पाडली, वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. दोष होता नव्याने बसवलेल्या ग्राफिक्स कार्डात. विकणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो मला शांतपणे एकेका चुकीच्या जागी पाठवत होता.

कॉम्प्युटर माझ्या धाकट्या भावाचा. ऑफिसात वापरून झालेला, बारीक उभा डबा. त्याला त्यावर गेम खेळायचे होते आणि खेळताना रेकॉर्डिंगही करायचं होतं. कार्डासाठी त्याने स्वतः पैसे साठवले होते. "दादा, तू सांगशील ते घेऊ," म्हणाला आणि निवड माझ्यावर सोडून मोकळा झाला. तो विश्वास माझ्या हातून वाया गेला, हे अजून टोचतं.

अशा डब्यात कार्ड बसवायचं म्हणजे आधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, कार्डाची उंची साधारण ६९ मिलिमीटरच्या आत हवी आणि मागची पत्र्याची पट्टी नेहमीच्या १२० मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटरची. शेजारचा स्लॉट मोकळा असेल तरच दोन स्लॉटचं कार्ड बसतं. एसएमपीएसमधून कार्डासाठी वेगळी वायर निघत नसेल तर मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळते तेवढीच वीज, जास्तीत जास्त ७५ वॅट. ही चाळणी लावली की हातात मोजकी नावं उरतात. २०२३ च्या शेवटी आमच्यापुढे तीनच होती. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डशी असलेल्या जोडणीच्या, चारच लेन वापरतं. आमचा मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे त्या चार लेनचाही वेग निम्मा. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंग दाबून लहान करणारा भाग, नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर. ते बाद केलं. जीटीएक्स १६५० चं लो प्रोफाइल मॉडेल कुठे मिळेना. राहिलं जीटीएक्स १०५० टीआय: २०१६ चं कार्ड, ७६८ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी, ७५ वॅट, आणि रेकॉर्डिंगसाठी एनव्हीडियाचा एनव्हेंक एन्कोडर आतच. भावाला हवं ते सगळं त्यात होतं.

लहान कॅबिनेटवाल्यांची गोची इथेच होते. मोठा डबा असलेल्याला एखाद्या कार्डाबद्दल शंका आली तर तो पुढचं कार्ड बघतो. आपल्याकडे पुढचं कार्डच नसतं. महिनाभर शोधून एकदाचं 'लो प्रोफाइल, ४ जीबी, वेगळ्या वायरची गरज नाही' असं दिसलं की आपण त्यातले दोष शोधत नाही, ते हातचं जाऊ नये म्हणून घाई करतो. मीही तेच केलं.

विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंत कार्ड नवंकोरं दिसत होतं. सोबत जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट होता आणि त्यात स्पष्ट 'जीटीएक्स १०५० टीआय' असं लिहिलेलं. कार्डाच्या मागे एचडीएमआय आणि डीव्हीआयच्या शेजारी निळ्या रंगाचं व्हीजीए पोर्टही होतं. जुना मॉनिटरही जोडता येईल म्हणून मला त्याचं बरंच वाटलं. खरं तर त्याच क्षणी थांबायला हवं होतं. जीटीएक्स १०५० टीआय पास्कल पिढीतलं, आणि त्या पिढीपासून एनव्हीडियाच्या चिपमधून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघणंच बंद झालं. म्हणजे तो फोटोच कार्ड कोणत्या काळातलं आहे ते सांगत होता.

कार्डाबरोबर ड्रायव्हरची एक लिंक आली. "कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकू नका सर, लो प्रोफाइलसाठी वेगळा असतो," असं त्याने बजावलं. असा वेगळा ड्रायव्हर नसतो. लिंकमधला ड्रायव्हर टाकण्यासाठी विंडोजची ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करायची, असंही सूचनांमध्ये होतं. मी ती बंद केली. ड्रायव्हरची सही जुळत नाही म्हणजे त्याच्या फाइलींमध्ये कुणीतरी हात घातलेला आहे. तपासणी असते ती नेमकं हेच पकडायला. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो: ग्राफिक्स कार्डासाठी कुणी ही तपासणी बंद करायला सांगितली तर पुढचं काहीही न करता कार्ड परत खोक्यात भरा.

कार्ड सुरू झालं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. भावाने त्याचा रेसिंगचा गेम लावला आणि सगळ्यात खालच्या सेटिंगवरही चित्र अडखळत होतं, सेकंदाला जेमतेम बारा-पंधरा फ्रेम. मी विकणाऱ्याला विचारलं.

"सर, छोट्या कॅबिनेटमध्ये हे होतंच. हवा खेळती ठेवा."

मी पत्र्याला भोकं पाडली. फरक शून्य.

"मग एसएमपीएस कमी पडतोय. कार्डाला पूर्ण वीज मिळत नाहीये."

बारीक डब्यात नेहमीचा एसएमपीएस बसत नाही, टीएफएक्स मापाचा शोधावा लागतो. तो शोधून मागवण्यात दोन आठवडे गेले. नवा बसवला, फ्रेम तेवढ्याच.

"प्रोसेसर जुना आहे सर, तोच कार्डाला मागे ओढतोय. त्यात आमचं कार्ड काय करणार?"

यातलं प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. लहान डबा खरंच तापतो, लहान एसएमपीएस खरंच कमी पडू शकतो, जुना प्रोसेसर खरंच कार्डाला अडवतो. त्याने अर्धसत्यं निवडून वापरली, आणि मी प्रत्येक वेळी चूक आपल्याकडेच आहे असं धरून चाललो. याच काळात माल परत करण्याची मुदत उलटून गेली. ती उलटल्यावर त्याची उत्तरं तुटक झाली आणि शेवटी थांबली.

चोरी पकडली भावाने. खेळ नीट चालत नाही तर निदान साधं रेकॉर्डिंग करून बघू म्हणून त्याने ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. एन्कोडरच्या यादीत एनव्हेंक नव्हताच, फक्त प्रोसेसरवर चालणारा पर्याय. "दादा, ज्याच्यासाठी हे कार्ड घेतलं तेच यात नाहीये." एनव्हेंक एनव्हीडियाच्या कार्डांत २०१२ च्या केप्लर पिढीपासून आला. २०१६ च्या कार्डात तो नाही, हे ना तापण्याने होतं, ना वीज कमी पडल्याने. मग मात्र माझे डोळे उघडले. कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवला, तर इन्स्टॉलर म्हणे या कॉम्प्युटरमध्ये जुळणारं हार्डवेअरच सापडत नाही. खऱ्या १०५० टीआयला तो ड्रायव्हर तेव्हा व्यवस्थित चालत होता.

हार्डवेअरमधला जाणकार मित्र आला. त्याने जीपीयू-झेड थेट टेकपॉवरअपच्या, म्हणजे ते बनवणाऱ्यांच्या, साइटवरून घेतलं आणि चालवलं. नावाच्या आधी चौकटी कंसात 'फेक' असा शिक्का, कंपनीच्या चिन्हाच्या जागी धोक्याचा त्रिकोण. हा प्रोग्रॅम २०१८ मधल्या २.१२.० आवृत्तीपासून अशी बनावट कार्डं ओळखतो. विकणाऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला, तर तो त्याच्या आधीच्या आवृत्तीचा होता. पकडणारा प्रोग्रॅम त्याने मुद्दाम टाळला होता.

मग मित्राने कार्डावर भार टाकून वीज मोजली. भिंतीतल्या सॉकेटवर लावलेल्या मीटरवरचा आकडा चाळीसेक वॅटनेच वर गेला, ७५ च्या आसपासही नाही. मेमरीची चाचणी लावली तर १ जीबीच्या पुढे गेल्याबरोबर पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि कॉम्प्युटर गोठला.

आतली चिप होती जीएफ१०८. फर्मी पिढी, २०१० च्या सुमाराची, ९६ कोअरची. ७६८ च्या जागी ९६. मेमरी जीडीडीआर५ नव्हे, जुनी डीडीआर३. बोर्डावर १२८ एमबीच्या आठ चिप, म्हणजे एकूण १ जीबी. हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. कार्डाचं बायोस, म्हणजे ते सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, बोर्डावरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. कार्ड स्वतःचं जे नाव आणि जी मेमरी सांगतं, ते तिथे लिहिलेलं असतं आणि ते बदलता येतं. ड्रायव्हरच्या फाइलीतलं नावही बदलता येतं. त्या दोन्हींच्या भरवशावर विंडोज पडद्यावर जे दाखवतं, तो पुरावा नाही. कोअर किती, कुठला एन्कोडर आहे, वीज किती लागते, हे मात्र सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं. ते कुणी लिहून वाढवू शकत नाही.

आता माझी सगळ्यात महाग चूक. रागाच्या भरात मी त्याच रात्री कार्डाचा कूलर खोलला, चिपवरचं नाव वाचलं, फोटो काढला. वाटलं, याच्यावर आणखी पुरावा काय हवा? जिथे जाहिरात होती तिथे तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की मुदत संपलेली आहे आणि स्क्रूवरचं सील तुटलेलं आहे, त्यामुळे आतले भाग मूळचेच आहेत हे आता सांगता येत नाही. त्या विक्रेत्याची जाहिरात काढून टाकली गेली. पैसे आले नाहीत. जीपीयू-झेडचा शिक्का, मेमरीची फसलेली चाचणी आणि गायब एन्कोडर एवढ्यावरच मी मुदतीच्या आत बोललो असतो, तर माझी बाजू भक्कम राहिली असती. म्हणून कूलरला हात लावू नका.

पहिल्याच दिवशी, स्क्रूड्रायव्हर न उचलता, अर्ध्या तासात बरंच कळतं. खोकं उघडण्यापासून मोबाइलवर सलग चित्रीकरण करा, कार्डावरचा सीरियल नंबर त्यात वाचता आला पाहिजे. ड्रायव्हर फक्त चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. तो बसत नसेल तर तिथेच थांबा. जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती चालवा आणि त्यातच असलेली छोटी रेंडर चाचणी लावून कार्डाचा पीसीआय एक्सप्रेसचा आकडा बघा. कार्ड निवांत असताना तो खाली उतरतो, म्हणून भार देऊनच बघायचा. मदरबोर्ड ३.० चा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, असून भार दिल्यावरही १०५० टीआय २.० वरच अडलं, तर आत दुसरीच चिप असण्याची दाट शक्यता आहे. आमचं तसंच अडलं होतं. ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅममधली व्हिडिओ मेमरीची चाचणी लावून जाहिरातीत लिहिलेली जवळजवळ सगळी मेमरी भरा. आणि शेवटी ओबीएसमध्ये एन्कोडर बघा. विकणाऱ्याशी बोलताना एक धरून ठेवा: तुमच्या कॅबिनेटची, एसएमपीएसची, प्रोसेसरची चर्चा तो कितीही लांबवो, या चाचण्या होईपर्यंत त्या चर्चेत शिरायचंच नाही. शक्य असेल तर कार्ड ओळखीच्या कुणाच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये लावून बघा. तिथेही तेच झालं तर तुमच्या डब्यावरचा आळ आपोआप उतरतो. आम्हाला हे सहा आठवडे सुचलं नाही.

चोख मालातही लहान कार्डांच्या नावांचा घोळ असतो, तेवढं जाता जाता सांगतो. जीटी १०३० याच नावाने दोन कार्डं आली, एक जीडीडीआर५ चं, एक डीडीआर४ चं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ सुद्धा नाही. आरटीएक्स ३०५० चंही तसंच: ८ जीबीचं मॉडेल २५६० कोअरचं, १३० वॅटचं आणि वेगळी वायर मागणारं, ६ जीबीचं २३०४ कोअरचं, ७० वॅटचं, नुसत्या स्लॉटवर चालणारं. बारीक डब्याला दुसरंच चालतं. नावापुढचा मेमरीचा आकडा वाचल्याशिवाय तुलना करू नका.

ते ६ जीबीचं ३०५० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. थोड्या महिन्यांनी त्याचं लो प्रोफाइल मॉडेल आम्ही घेतलं, या वेळी निम्मे पैसे माझे. खोकं उघडताना भाऊ मोबाइल धरून उभा होता. ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला, मेमरीची चाचणी शेवटपर्यंत गेली, आणि गेम लावायच्या आधी भावाने ओबीएस उघडून एनव्हेंक यादीत आहे का ते पाहिलं. होता. पत्र्याची भोकं मात्र तशीच आहेत.

जुनं कार्ड मी विकलं नाही, कुणाला देणारही नाही. त्याच्या बोर्डावर आणि पंख्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने 'जीएफ१०८, १ जीबी, बनावट' असं लिहून ठेवलं आहे.