गिम्प ३.० दुकानात रोज वापरल्यावर: सगळं ठीक, फक्त 'सेव्ह' सोडून

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात दसऱ्यापासून गिम्प, म्हणजे फोटो-चित्रं सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर, रोज चालू आहे. फोटोशॉपचं महिन्याचं भाडं परवडत नाही आणि क्रॅक केलेली कॉपी नको, म्हणून हे घेतलं. त्यात काय काय आहे ते वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. मी थेट सेव्हवर येतो.

परवा एक मुलगी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आली, तेही शेवटच्या दिवशी. वहिनींनी फोटो कापला, मागची बाजू पांढरी केली, कंट्रोल-एस दाबलं आणि फाइल तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. थोड्या वेळाने मुलगी परत आली, फोटो उघडतच नव्हता. उघडणार कसा? ती एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची घरची फाइल. "भाऊजी, मी सेव्ह केलं होतं हो," वहिनी म्हणाल्या. केलंच होतं त्यांनी!

२०१२ साली २.८ आवृत्ती येईपर्यंत सेव्हमधूनच जेपीजी निघायची. मग बनवणाऱ्यांनी ठरवलं की सेव्ह फक्त एक्ससीएफसाठी, बाकी सगळं एक्स्पोर्टमधून. का, तर हे सॉफ्टवेअर मुरलेल्यांसाठी, त्यांचे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले, सुटे सुटे बदलता येणारे थर) चुकून उडू नयेत. बरं बाबा. पण सेव्ह करताना नावापुढे डॉट जेपीजी लिहून बघा. इथे एक्ससीएफच मिळेल, बाकीचं एक्स्पोर्टमध्ये, असं उत्तर येतं. वर तिकडे जायची लिंकही. म्हणजे आपल्याला काय हवंय ते त्याला पुरतं कळलेलं असतं! अर्ज हातात घेऊन, नीट वाचून, 'तीन नंबरच्या खिडकीवर जा' म्हणणारा बाबू तो हाच. बरं, एक्स्पोर्ट करून बंद करायला जावं तर पुन्हा विचारणार, बदल सेव्ह केलेले नाहीत, टाकून द्यायचे का? नवखा माणूस तिथे घाबरतोच.

यावर 'शिकून घ्या' म्हणणारे भेटतात. कर्व्हज, मास्क असली अवघड साधनं शिकायला वेळ लागणारच आणि वहिनींनी तो दिला. पण जेपीजी उघडली तर जेपीजी परत मिळावी, यात शिकायचं काय आहे? (जेपीजी उघडलेली असेल तर फाइल मेनूत ओव्हरराइट असतं, पण ते गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोवरच लिहितं. दुकानात नको.)

दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. पण त्याच एक्स्पोर्टच्या खिडकीने मला गप्प केलं. बँकेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. क्वालिटीची पट्टी सरकवायची, प्रिव्ह्यूवर टिक करायची, फाइल केवढी होणार तो आकडा समोर दिसतो. पूर्वी आम्ही यासाठी गिऱ्हाइकांचे फोटो कुठल्या कुठल्या वेबसाइटवर चढवायचो. आता वहिनी पट्टी सरकवत फाइल ४८ केबीवर आणून सोडतात, नेट बंद असलं तरी. नुसत्या सेव्हमध्ये हे सुचलं नसतं, हे कबूल. मंडळाच्या बॅनरवर ऐनवेळी कार्याध्यक्ष बदलतात तेव्हा लेयर शाबूत ठेवणारी एक्ससीएफच कामी येते, हेही कबूल.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० ने बॅनरवाल्यांचं बरंच काम हलकं केलंय. अक्षरांना पांढरी कड थेट देता येते, सावली टाकल्यावरही मजकूर बदलता येतो, पेस्ट केलेलं चित्र अधांतरी न राहता स्वतःच्या लेयरवर बसतं. युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट येतात. साधा गोल काढायला मात्र अजून सिलेक्शन करून त्याला कड मारावी लागते. असो.

चार तारे. दुकानात टाकणार असाल तर एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन कंट्रोल-एस एक्स्पोर्टला जोडा आणि मगच दुसऱ्याच्या हातात द्या. पहिल्यांदा उघडल्यावर गिम्पने स्वतःच हे विचारलं असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं. वहिनींच्या कॉम्प्युटरवर मी तसं करून दिलंय. बॅनरच्या कॉम्प्युटरवर मूळचंच ठेवलंय, तिथे लेयर हवेत. पुतण्या दोन्हींवर बसतो आणि दिवसभर आम्हा दोघांच्या नावाने खडे फोडतो.